सहदेवाचं पान

खोपोलीच्या स्टेशनावर उतरल्यावर सहदेवानं पहिलं काम काय केलं, तर आईसाठी पावशेर बत्तासे घेतले. आठ वर्षांनी घरी जाणाऱ्या मुलानं आईच्या हातावर काय ठेवावं, याचा विचार त्यानं बोटीवर चढल्यापासून केला होता आणि शेवटी बत्ताशांवर येऊन थांबला होता. बाकी त्याच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती आणि काखेत मेणकापडात गुंडाळलेली नकाशांची लांब गुंडाळी. ती गुंडाळी म्हणजे त्याची आठ वर्षं. पेटी त्यानं हमालाला दिली, गुंडाळी दिली नाही.

सन शेहेचाळीसचा भाद्रपद होता. भात पोटरीला आलं होतं आणि पाऊस उघडून कडक ऊन पडलं होतं. स्टेशनाबाहेर बद्रुद्दीनचा टांगा उभा होता. बद्रुद्दीन आणि सहदेव चौथीपर्यंत एका बाकावर बसलेले. सहदेवानं हाक मारली तसा तो वळला आणि नुसता बघत राहिला. पेटीला त्यानं हात लावला नाही. चाबकाच्या दांड्यानं सहदेवाच्या खांद्याला टोचून पाहिलं.

"लागलं?"

"लागलं की. येडा झालास काय?"

"मंग बस," असं म्हणून त्यानं पेटी उचलली.

कुंभिवलीच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यानं घोडा हाकला. मग घोड्याच्या कानांकडे बघत म्हणाला, "सहदेव, रागावू नको. तुज्या तेराव्याचा गूळ आन तांदूळ माज्याच टांग्यातनं गेला."

आता सांगा, यावर माणसानं काय म्हणावं? सहदेव आधी हसला. पण बद्रुद्दीन हसत नव्हता.

त्याचं असं झालं होतं. अडतीस साली शिष्यवृत्ती मिळवून सहदेव इटलीत फ्लॉरेन्सला इमारतींचं शास्त्र शिकायला गेला. कुंभिवलीच्या शेतकऱ्याच्या पोरानं मुंबईची परीक्षा पहिल्या वर्गात काढून समुद्र ओलांडायचा, ही गोष्ट तेव्हा कर्जतपासून खालापूरपर्यंत चघळली गेली. तिथं त्यानं काय केलं, तर मोजलं. देवळं मोजली, जिने मोजले, जुन्या सावकारांचे दगडी महाल मोजले. भिंतीवर कोळशानं खुणा करत करत आधी सगळं हातानं मोजायचं आणि मग कागदावर काढायचं, अशी तिथली रीत. त्याचे म्हातारे प्राध्यापक म्हणत, नुसती बघितलेली इमारत परक्याची, हातानं मोजलीस की तुझी. मग लढाई पेटली. चाळीस साली इटली इंग्रजांवर उठली आणि इंग्रजी राज्यातला हा विद्यार्थी एका दिवसात शत्रू ठरला. डोंगरातल्या एका गावात त्याला नजरकैदेत टाकलं. टपाल बंद. लढाई संपल्यावर त्यानं राहिलेली परीक्षा दिली, घरी पत्रांमागून पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही.

"पत्रं आली व्हती," बद्रुद्दीन म्हणाला. "पोस्टमनला परत दिली. मेलेल्याचं टपाल घरात घेऊ नये म्हनं."

"मेलेल्याचं म्हंजे?"

"तीन वर्सं झाली. मालोजीच्या बायकोची दोन बाळं लागोपाठ गेली. बुधाजी भगत म्हनला, थोरला परमुलखात मेलाय, अग्नी नाय मिळाला, तो घर मागतोय. मंग पळसाच्या काड्यांचा बाहुला केला, नारळाचं डोकं केलं आन तुज्या नावानं नदीकाठी जाळला."

सहदेवाच्या कानशिलांतून वाफा निघायच्या बाकी राहिल्या. परक्या मुलखात शत्रूनं कैदेत ठेवला, पण शत्रूनंही त्याला जाळला नव्हता. ते काम घरच्यांनी केलं, तेही एका भगताच्या शब्दावर. वर त्याची पत्रं न फोडता परत केली. टांगा घराशी पोचेपर्यंत त्याच्या हातातल्या बत्ताशांचा चुरा झाला होता.

आणि घराशी काय दिसलं? पितृपक्षातली दशमी होती ती, हे त्याच्या ध्यानात असायचं कारण नव्हतं. भर दुपार होती. पडवीच्या छपरावर केळीचं पान वाढलेलं होतं, भात, वालाचं बिरडं, वडे, खीर. त्याचा धाकटा भाऊ मालोजी अंगणात उभा राहून, मान वर करून ओरडत होता, "काव… काव…" समोर आंब्यावर चार-पाच कावळे बसले होते. एकही खाली उतरत नव्हता. आई, सोनाबाई, उंबऱ्यात बसून होती.

मालोजीनं हात जोडले. "दादा, तुजं काय ऱ्हायलं आसंल ते पुरं करू. शिव रं आता."

"काय ऱ्हायलंय ते मी सांगतो," सहदेव त्याच्या पाठीमागून म्हणाला.

मालोजी वळला आणि खाली बसला. त्याची बायको सुंदरा दारामागे झाली. एकटी आई तेवढी हलली नाही. ती मुलाकडे पायांपासून डोक्यापर्यंत बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत आनंद नव्हता, घोटाळा होता. खरं सांगायचं तर तिथंच सहदेवाचा तोल गेला. त्यानं हात वर करून छपरावरचं पान खाली ओढलं, पडवीत मांडी ठोकली आणि जेवायला लागला.

"ठेव ते," आई हळूच म्हणाली. "तुजं नाय ते."

"माज्या नावाचं ना?"

"नावाचं हाय. तुजं नाय."

त्यानं पान पुसून खाल्लं. आठ वर्षं तो आईच्या हातचं बिरडं स्वप्नात खात आला होता. आज पोटाला तडस लागेपर्यंत खाल्लं आणि उठताना त्याच्या लक्षात आलं की भूक जशीच्या तशी आहे. रागानं असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

संध्याकाळपर्यंत आईनं त्याला हात लावून पाहिलं, रडून घेतलं, न्हाऊ घातलं. मग दिवा लावून ती जवळ येऊन बसली. "काय शिकलास रं तितं?" तिनं विचारलं. त्यानं गुंडाळी सोडायला घेतलीही होती. तिथल्या मोठ्या देवळाच्या घुमटाचा नकाशा सगळ्यात वर होता, आणि तो आधी आईला दाखवायचा असं त्यानं नजरकैदेत कितीदा मनाशी घोळवलं होतं. पण दुपारचं पान आडवं आलं.

"तुला काय कळणार," तो म्हणाला आणि गाठ पुन्हा मारली. "जिवंत पोराला जाळणाऱ्यांना काय दाखवायचं?"

आईनं दिव्याची वात सारली. मग म्हणाली, "भट म्हनला, त्याच्या जिवाची वस्तू घाला. मंग बाहुल्याला कणा म्हनून तुजी फूटपट्टी घातली. सागाची. तू मुंबैला शिकताना जिच्यावर नाव कोरलं व्हतंस ती."

"जळली?"

"जळली." आणि मग अगदी आवाज खाली करून, "जळली म्हनूनच तर आली त्याच्यासंगं."

"कोनासंगं?"

ती उठली आणि दिवा घेऊन माजघरात गेली. पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंतीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर कोळशाच्या बारीक रेघा होत्या. दारापासून निघून त्या कोपऱ्यात वळल्या होत्या, चुलीमागून गेल्या होत्या, देवघर ओलांडून पुन्हा दाराकडे येत होत्या. सहदेव गुडघ्यांवर बसला. बारा-बारा इंचांवर होत्या त्या. मोजायची गरज नव्हती, त्याचा डोळा तयार होता. पण त्याच्या पाठीतून जी कळ गेली ती त्यामुळे नव्हे. प्रत्येक रेघेच्या खाली डावीकडे एक लहानशी शेपटी होती. ही शेपटी काढायची त्याची स्वतःची खोड. तिच्यापायी तो मुंबईत मास्तरांची बोलणी खात असे, आणि फ्लॉरेन्सचे प्राध्यापक हसून म्हणत, ही तुझी सही.

"दर आवशेला येतो," आई म्हणाली. "दिवेलागनीला मागल्या दारी. वाढ म्हनतो, मी वाढते. जेवला की मोजत बसतो. थोडं थोडं… निसता आवाज येतो, लाकूड टेकवल्याचा."

"आये, कोन तरी चेष्टा करतंय तुमची."

"चेष्टा तीन वर्सं करत न्हाईत रं. तू परक्यांची घरं मोजत बसलास. त्यानं आपलं मोजलं."

दुसऱ्या दिवशी बुधाजी भगत आला. सुरकुतलेला, शांत माणूस. सहदेवानं त्याला उंबऱ्याबाहेर उभं करून जे तोंडाला येईल ते ऐकवलं. बुधाजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चुकी माजी. पन झालं ते मोडाय पायजे. ज्याची क्रिया झाली तो परत आला, तर त्याला पुन्ना जन्माला घालत्यात. जुनीच रीत हाय, भटाला इचारा. तांब्याच्या घंगाळात बसायचं, आईनं पदराखालनं काढायचं, दुपट्यात घ्यायचं, पाळना म्हनायचा, नाव ठेवायचं. सर्वपित्रीच्या दुपारच्या आत. मंग तुमी जित्ते, आन तो निसत्या काड्या."

आता सहदेवाच्या बाजूनं विचार करा. तिशी ओलांडलेला पुरुष. साडेतीनशे पायऱ्यांचा मनोरा त्यानं दोरीला लटकून मोजलेला. आणि त्यानं कुणाच्या तरी चुकीपायी घंगाळात उकिडवं बसून ट्यांहां करायचं?

"मी मेलोच न्हाई," तो म्हणाला, "तर जन्मू कशाला? तुमी माजी माफी मागा. गावासमोर सांगा, हा जित्ता हाय. बास."

"क्रिया करून जो मेला तो निसतं सांगून जित्ता व्हत नाय," बुधाजी म्हणाला. "सोनाबाईनं पाळना मांडलाय. आवतन गेलंय. जन्म असा रिकामा ठेवता येत नाय, सायेब."

"मंग भरू दे ज्याला भरायचाय त्याला."

त्याचं हे बोलणं सगळ्यांनी ऐकलं. माजघराच्या मागल्या दाराशी काही तरी लाकडी टेकल्यासारखा आवाज झाला, तोही सगळ्यांनी ऐकला. पण कुणी कुणाकडे बघितलं नाही.

पुढचे दिवस असेच कुढण्यात गेले. आई विनवायची, तो फणकारायचा. सुंदरा जेवायला वाढायची आणि तो ताटामागून ताट रिकामं करायचा. पोट भरत नव्हतं. चतुर्दशीला दिवेलागणीच्या वेळी, अवस लागता लागता, सगळे माजघरात बसले होते. बाहेर अजून उजेड होता. जळक्या पळसाचा वास आला, ओला आणि कडवट. मागल्या दाराची कडी हलली.

"आये… वाढ."

तो आवाज सहदेवाचा होता. नुसता त्याच्यासारखा नव्हे. सर्दी झाल्यावर त्याचा 'वा' जसा नाकात अडकायचा, तसा अडकलेला.

आई उठली. तिनं चुलीवरून भाताचं पातेलं उतरवलं.

"आये, मी हितं हाय," सहदेव म्हणाला.

"तू दशमीला त्याचं पान खाल्लंस. तवापासनं उपाशी हाय तो."

"तो न्हाई कोन. काड्या हायत त्या… आये, माज्याकडं बघ."

आईनं बघितलं. फार मायेनं बघितलं, हे सांगायलाच हवं. "तुज्याकडंच बघत व्हते रं आठ वर्सं," ती म्हणाली. "तुला सांगते, जन्म घे. तू न्हाई म्हनतोस. त्याला मी काय बी सांगितलं तर तो हां म्हनतो." आणि भात घेऊन ती मागल्या दाराकडे गेली. दार उघडलं, लोटलं. मग बराच वेळ जेवल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर भिंतीला बाहेरून लाकूड टेकवल्याचा. एक फूट. अजून एक फूट.

सहदेव पहाटेच निघाला. पेटी तिथंच टाकली, गुंडाळी काखेत मारली आणि खोपोलीपर्यंत चालत गेला. माझं घर मला नको म्हणतं, तर मलाही ते नको, असं तो रस्ताभर स्वतःशी मोठ्यानं बोलत होता. मुंबईत त्याला काम मिळणार होतं, घरं बांधायची, दुसऱ्यांसाठी. स्टेशनाजवळ बद्रुद्दीननं त्याला चहा पाजला, पाव खाऊ घातले. सगळे पाव संपले तरी त्याची नजर पावांच्या टोपलीवरच होती.

"गाडीला टाइम हाय," बद्रुद्दीन म्हणाला. "एक इचारू? काय गेलं असतं तुजं घंगाळात बसून? आईच्या समोर कोन मोठा असतो?"

सहदेव उत्तर द्यायला गेला आणि त्याला उत्तर सापडलं नाही. रागाचं असंच असतं, तो असतो तोवर सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो आणि ओसरला की एकाचंही देत नाही. त्याला आईचा तो प्रश्न आठवला, काय शिकलास रं तितं. तो उठला.

"टांगा काढ. दुपारच्या आत पोचव."

बद्रुद्दीननं घोडा पळवला. सहदेव मागे गुंडाळी मांडीवर घेऊन बसला होता आणि आईला कुठला नकाशा आधी दाखवायचा ते ठरवत होता. कुंभिवली दिसायला लागली. एवढ्यात बद्रुद्दीननं लगाम खेचला. त्यानं मागे वळून पाहिलं, सरळ सहदेवाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग सीटखाली पाहिलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाहिलं.

"कुठं उतरला हा?" तो पुटपुटला.

"बद्रू, ही येळ हाय का चेष्टा करायची?"

बद्रुद्दीननं काही तरी पुटपुटत तोंडावरून हात फिरवला आणि टांगा फिरवायला घेतला. सहदेवानं त्याला एक शिवी हासडली, उडी मारली आणि शेताच्या बांधावरून पळत सुटला. भातातून पळताना एकही पात हलत नव्हती. हे त्याला दिसलं, पण त्यावर विचार करायला त्याच्याकडे वेळ नव्हता.

अंगणात पोचला तेव्हा घरातून पाळणा ऐकू येत होता. सर्वपित्री अमावस्येला बारसं कोण करतं? पण बायका गात होत्या, आणि त्यात आईचा आवाज सगळ्यांच्या वर होता. पडवीत ओलं घंगाळ उपडं घातलेलं होतं. माजघराच्या भिंती नुकत्याच सारवल्या होत्या, दारातून दिसत होतं, त्यांवर एकही रेघ उरली नव्हती.

"आये," त्यानं हाक मारली. "मी आलो. बसतो मी घंगाळात… आये."

आई बाहेर आली. तिच्या हातात वाढलेलं केळीचं पान होतं. तिचा चेहरा असा उजळलेला त्यानं परदेशी जाण्याच्या दिवशीसुद्धा पाहिला नव्हता. ती त्याच्या अंगावरून पुढं गेली, पान छपरावर ठेवलं आणि मालोजीला म्हणाली, "हाक मार. ज्याचं कुनी न्हाई त्याच्या नावानं."

मालोजीनं मान वर केली. "काव… काव…"

आत पाळणा थांबला. कुणी तरी कागद उलगडल्याचा मोठा आवाज झाला. मग सहदेवाचा आवाज, जरा नाकात अडकलेला, आनंदानं भरलेला, बोलायला लागला. "आये, हिकडं ये. ह्यो बघ, ह्यो घुमट. मी सोता मोजला. आत उभं ऱ्हायलं ना, तर आपला आवाज वर जाऊन परत येतो…"

"आले रं," आई म्हणाली आणि लगबगीनं आत गेली.

सहदेव अंगणात उभा होता. भूक पोटातून घशापर्यंत आली होती. त्यानं हात वर करून छपरावरचा भात घेतला, घास तोंडात घातला.

"शिवला गं आये," मालोजी आत ओरडला. "कावळा न्हाई दिसला, पन भात गेला."

त्याच्या काखेत अजून गुंडाळी होती. हाताला ती नेहमीपेक्षा हलकी लागली म्हणून त्यानं मेणकापडाची गाठ सोडली. आत पळसाच्या काड्या होत्या, एका टोकाला जळलेल्या, आणि मधोमध सागाची एक फूटपट्टी. तिच्यावर नाव कोरलं होतं, पण ते त्याला आता वाचता येईना.